वाळवणाचे दिवस

होळीची राख थंड झाली आणि उन्हाला धार आली, कीं महाराष्ट्रांतील घरांचीं अंगणें व गच्च्या पांढऱ्या दिसूं लागत. जुन्या धोतरांचीं धुवट पानें जमिनीवर अंथरलेलीं, त्यांवर कुरडयांचीं वेटोळीं ओळीनें मांडलेलीं, पलीकडे चटईवर सांडगे, खाटेवर पापड, आणि कावळे हांकण्यासाठीं हातांत काठी घेऊन बसलेलें एखादें शाळकरी पोर, असें चित्र चैत्र-वैशाखांत घरोघर दिसे. एरवीं ज्या स्वयंपाकघरांत दोन वेळच्या जेवणापलीकडे फारसा विचार होत नसे, त्यालाच या दोन महिन्यांत एखाद्या कारखान्याचें रूप येई. या कारखान्यांत हजेरीपट नव्हता, पगारवाटप नव्हतें, आणि त्यांतून बाहेर पडणाऱ्या मालाची नोंद घरच्या जमाखर्चांत होत नसे. यजमानांच्या वहींत गव्हाची किंमत लिहिली जाई, हिंगाची लिहिली जाई. त्या गव्हाची कुरडई कोणी केली व तिला किती दिवस लागले, हें लिहिण्याची चाल नव्हती. वाळवणाचा इतिहास सांगावयाचा म्हणजे या न लिहिलेल्या रकान्याचाच इतिहास सांगावयाचा.

हें काम याच दिवसांत कां होई, याचें उत्तर शेतांत व आकाशांत आहे. रब्बीचा गहूं फाल्गुनाच्या सुमारास खळ्यांतून बाजारांत येतो. तूर, हरभरा, हळद, चिंच, तांबडी मिरची यांचा नवा माल त्याच्या मागेंपुढें उतरतो. कैरी चैत्रांत हाताशीं येते व वैशाखाच्या अखेरीस लोणच्याजोगी होते. एकीकडे हा सगळा माल एकदम दाराशीं येऊन पडे आणि दुसरीकडे ७ जूनच्या सुमारास मृग लागे. मृगानंतर कोंकणांत व मावळांत हवेला इतका ओलावा चढे, कीं मिठाला पाणी सुटे, पिठाला जाळें धरे आणि चामडी वहाणांवरसुद्धां बुरशी येई. ओढ्यानाल्यांना पूर आला म्हणजे गांवची वाट बंद; आठवड्याचा बाजार भरला तर भरला. म्हणून नवें धान्य आणि पहिला पाऊस यांच्यामध्यें सांपडलेल्या त्या साठ-सत्तर दिवसांतच वर्षाची बेगमी उरकावी लागे. गव्हाला ऊन देऊन त्यांत कडुनिंबाचा पाला घालावयाचा, डाळींना एरंडेलाचा हात लावावयाचा, मिरच्यांत हिंगाचे खडे टाकावयाचे, कणग्या शेणानें सारवून ठेवावयाच्या, हीं या मोहिमेचीं केवळ पूर्वतयारीचीं कामें. ऊन फुकट मिळे हें खरें. परंतु तें कोणासाठीं थांबत नसे.

उन्हाशीं जडलेला हा संबंध फार जुना आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर यानें इ. स. ११३० च्या सुमारास 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. कल्याणी म्हणजे कर्नाटकांतील बसवकल्याण. मराठी मुलूख तेथून फार दूर नाहीं. राज्य कसें मिळवावें व कसें राखावें येथपासून हत्तींच्या पारखेपर्यंत नाना विषय या ग्रंथांत आले आहेत, आणि 'अन्नभोग' या प्रकरणांत जेवणाचाही सविस्तर विचार आहे. तेथें गव्हाच्या पदार्थांची सुरुवात होते ती गहूं धुऊन, सूर्यकिरणांत वाळवून, मग जात्यांत दळण्यापासून. राजाच्या मुदपाकखान्यालाही सूर्याला टाळून पुढें जातां येत नव्हतें, हें लक्षांत घेण्यासारखें आहे. त्या पिठाचे 'मंडक', म्हणजे आपले मांडे, खापरावर भाजीत. आणि पुरण भरलेल्या पोळीची थोरली बहीण शोभेल अशी 'वेढमिका'ही त्यांत आहे.

मराठींत पोळी भाजतात, भाकरी भाजतात, पापड भाजतात आणि वांगेंही भाजतात. चारी बाजूंनीं आंच कोंडून पदार्थ शेकण्याला आपल्या भाषेनें वेगळें क्रियापद केलें नाहीं, याचें कारण घरांत तशी बंद भट्टीच नव्हती. तिच्या सर्वांत जवळ जाणारें साधन म्हणजे चुलीवर पालथें घातलेलें मातीचें खापर. मुक्ताबाईच्या मांड्यांची कथा मराठी घरांत सर्वांना ठाऊक आहे: आळंदींत विसोबानें कुंभारांना खापर देऊं नये असें बजावलें, मुक्ताबाई रिकाम्या हातानें परतली, आणि ज्ञानेश्वरांनीं योगाग्नीनें आपली पाठ तापविली. कथेंतील चमत्कार क्षणभर बाजूस ठेवला, तरी तिच्यांत गृहजीवनाची एक खरी खूण उरते. मांडे भाजावयाचे तर कुंभार पाहिजे. आणि ज्या कुटुंबाला गांवानें वाळींत टाकलें, त्याची चूलही अर्धी विझल्यासारखी होई. घरचा स्वयंपाक केवळ घरचा कधींच नव्हता.

वाळवणांतील मानाचा आणि सर्वांत छळणारा पदार्थ कुरडई. गहूं तीन दिवस पाण्यांत भिजत ठेवावयाचे व रोज पाणी बदलावयाचें. चौथ्या दिवशीं ते फुगून आंबूस वासाला आले, म्हणजे पाट्यावर वाटून त्यांतला पांढरा चीक पिळून घ्यावयाचा. चोथा एकीकडे, चीक एकीकडे. चीक फडक्यानें गाळून रात्रभर झांकून ठेवला, कीं सत्त्व तळीं बसतें आणि वर पिवळसर पाणी निवळतें. तें सकाळीं हलक्या हातानें ओतून टाकावयाचें. मग चिकाइतकेंच पाणी मीठ-हिंग घालून उकळावयाचें, एकीनें धार धरावयाची आणि दुसरीनें लांकडी दांड्यानें सारखें घोटावयाचें. येथें हात क्षणभर थांबला, तर गुठळी झालीच म्हणून समजावें. शिजलेला चीक गरम असतांनाच सोऱ्यांतून दाबून काढावा लागतो. निवाला कीं तो सोऱ्यांतून उतरत नाहीं. तळहात पोळत, खांदे भरून येत. हें सारें ऊन चढण्याच्या आंत व्हावें, म्हणून चूल पहांटे अंधारांतच पेटविलेली असे. घरांतील मुलांना मात्र त्या दिवशीं लवकर उठवावें लागत नसे, कारण वाटीभर ऊन चीक दूध घालून खाण्याचा त्यांचा हक्क सर्वमान्य होता.

या कृतींत रसायनशास्त्र भरपूर आहे. चिकांतील पिष्टकण गरम पाण्यांत फुगतात व फुटतात, आणि त्यांची खळ बनते. ती खळ कडक उन्हांत वाळली म्हणजे कांचेसारखी टणक होते. तिच्या पोटांत उरलेल्या किंचित ओलाव्याची कढत तेलांत एकाएकीं वाफ होते, आणि कुरडई पाहतां पाहतां कितीतरी पट फुलून वर येते. ओलावा अधिक राहिला तर डब्यांत बुरशी धरते. घरच्या बाईनें हें कोणत्याही पुस्तकांत वाचलेलें नसे. तिची कसोटी कानाची होती: कुरडई मोडतांना कट् असा स्वच्छ आवाज आला पाहिजे. आवाज मऊ आला, तर आणखी एक ऊन.

पापडाची रीत याहून निराळी. उडदाचें पीठ, मिरें, हिंग, मीठ व पापडखार यांचा घट्ट गोळा तेलाच्या हातानें कुटून कुटून लवचीक करावयाचा. त्याची वळी ओढून दोऱ्यानें सारख्या लाट्या कापावयाच्या. खाराच्या योगानें पापड भाजतांना फुलतो व कुरकुरीत होतो. तो जास्त पडला तर रंग तांबूस होऊन चव कडवट लागते. आणि कुरडईला जें ऊन हवें असतें, तें पापडाला सोसत नाहीं. तो प्रथम सांवलींतच सुकवावयाचा, नाहींतर कडा वळून त्याची द्रोणासारखी वाटी होते. दुपारचीं जेवणें झालीं कीं शेजारच्या पांचसहा बायका आपापलें पोळपाट-लाटणें घेऊन येत. आज या घरचे पापड, उद्यां त्या घरचे. ही परतफेड कोठें लिहून ठेवलेली नसे, परंतु कोणाकडे कोण किती दुपारी बसलें, याचा हिशेब प्रत्येकीच्या डोक्यांत चोख असे. आणि तो चुकला, तर वाड्यांतलें बोलणें आठवडाभर बंद राहण्याइतका तो गंभीरही होता.

त्या लाटीकडे जरा बारकाईनें पाहिलें, तर तिच्यांत एक जुना काळ थिजून राहिलेला दिसतो. सोमेश्वराच्या आचाऱ्यांना मिरची ठाऊक नव्हती. ती मूळची अमेरिकेंतली. पोर्तुगीजांनीं १५१० सालीं गोवें घेतल्यानंतरच्या काळांत ती या किनाऱ्यावर उतरली. त्यापूर्वीं तिखटपणा म्हणजे मिरें, आलें, सुंठ व पिंपळी. पुढें मिरचीनें आमटी, भाजी, चटणी, लोणचें असा एकेक गड सर केला. उडदाच्या पापडावर मात्र तिला पुरती सत्ता मिळाली नाहीं. तेथें जुनें काळें मिरें आपली जागा धरून राहिलें. उलट उपवासाच्या वाळवणांत जुनें असें फारच थोडें आहे. साबुदाण्याच्या पापड्या, बटाट्याचा कीस, त्यांत मिरची, जोडीला शेंगदाणे: एकादशीच्या या ताटांतील बटाटा, मिरची आणि भुईमूग हे तिन्ही अमेरिकेहून आलेले, आणि आजचा साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो कसावाही तिकडचाच. जीं घरें परक्या हातचें पाणी घेण्यास तयार नव्हतीं, त्यांनीं समुद्रापलीकडचे हे पाहुणे थेट सोवळ्यांत नेऊन बसविले. धर्मशास्त्रानें ज्यांचें नांवच ऐकलें नव्हतें, त्यांना तें निषिद्ध तरी कसें ठरविणार?

हें सर्व चालूं असतांना सणवार थांबलेले नसत. गुढीपाडव्याला कडुनिंबाचीं पानें वाटून चटणी व्हावयाचीच. रामनवमीला सुंठवडा हवाच. चैत्र शुद्ध तृतीयेला गौर बसली, कीं अक्षय्य तृतीयेपर्यंत कोणत्या तरी घरीं हळदीकुंकू असे, आणि त्यासाठीं कैरी घातलेली वाटली डाळ, पन्हें व ओटीचे भिजविलेले हरभरे तयार ठेवावे लागत. त्यांतच वैशाखांतील लग्नें. ज्या घरीं कार्य असे, तेथें सांडग्या-पापडांचा मुहूर्तच धरला जाई. सवाष्णींनीं एकत्र बसून प्रथम हळकुंडें फोडावयाचीं, घाणा भरावयाचा, आणि मग रुखवतासाठीं गव्हले, नखुले, मालत्या असे नाजूक प्रकार बोटांच्या चिमटींत वळावयाचे. तांदुळाच्या कणीएवढा एकेक गव्हला हातानें वळून शेरभर करावयाचा, यास लागणाऱ्या वेळाचा अंदाज पुरुषवर्गानें कधीं केला असेल असें वाटत नाहीं. रुखवताच्या ताटाकडे पाहून वाहवा करण्यास मात्र सारे पुढें.

हें काम आनंदाचें होतें, गाण्यागप्पांचें होतें, असें वर्णन वारंवार वाचावयास मिळतें, आणि तें खोटें नाहीं. परंतु तें अर्धेंच खरें आहे. त्या दुपारच्या मेळ्यांत सर्वजणी सारख्या नात्यानें बसलेल्या नसत. पांढरपेशा घरांत एखादी लाल आलवणांतली विधवा आत्या किंवा काकी असे. पहांटेची चूल बहुधा तिच्या वांट्याला, चीक घोटणें तिच्या वांट्याला. गव्हल्यांच्या मुहूर्ताला मात्र तिनें समोर येऊं नये अशी रूढि. ज्या हातांनीं वर्षाचें अन्न सिद्ध व्हावें, त्यांनींच मंगल कार्याच्या ताटाला स्पर्श करूं नये, हा त्या स्वयंपाकघराचा कायदा होता, आणि तो बायकाच बायकांवर चालवीत. आणि जिला आश्रयाचें घरही उरलें नाहीं, तिला पैसे मिळविण्याच्या वाटा मोजक्याच होत्या: चार घरचा स्वयंपाक, दळणकांडण, आणि उन्हाळ्यांत मोलानें पापड-कुरडया करून देणें. धोंडो केशव कर्वे यांनीं १८९६ सालीं अनाथ बालिकाश्रम काढला, तेव्हां विधवेच्या हातीं लाटण्याऐवजीं पाटी देण्याची कल्पना पुष्कळांना भलती वाटली होती.

मराठी चरित्रांत एक वाक्य पुन्हां पुन्हां भेटतें: आईनें पोळ्या लाटून, पापड लाटून मुलाला शिकविलें. वाचक गहिवरतो आणि पान उलटतो. शंभर पापडांमागें त्या आईला काय मिळे, पावसाळ्याच्या चार महिन्यांत तें मिळणें बंद झाल्यावर ती काय करी, हें त्या चरित्रांत सहसा नसतें. तेंच पापड लाटणें स्वतःच्या घरीं केलें तर कर्तव्य, आणि भिंतीपलीकडे जाऊन केलें तर मजुरी. कामांत फरक कांहींच नाहीं. खानेसुमारीनेंही हाच दंडक पाळला. केवळ घरकाम करणाऱ्या स्त्रीची गणना काम न करणाऱ्यांत होत आली आहे.

घराबाहेरच्या भट्टीची गोष्ट याच्याशीं जोडूनच पाहिली पाहिजे. पाव हा शब्द आणि पदार्थ दोन्ही पोर्तुगीजांकडून आले. गोव्याच्या गांवांतून पहांटे टोपली घेऊन फिरणारा पोदेर पीठ फुगविण्यासाठीं माडाची ताडी वापरी, आणि गोव्यांतून मुंबईस आलेल्या भटारखानेवाल्यांनीं ती कला तेथें आणली. गंमत अशी, कीं 'पगार' हा शब्दही मराठींत पोर्तुगीजांकडूनच आला. पाव भाजणाऱ्याला पगार मिळे. पोळी भाजणारीला जेवण मिळे. सनातनी घरांना मात्र पाव म्हणजे बाटण्याचें साधन वाटे. १८९० सालीं पुण्याच्या पंचहौद मिशनमध्यें एका सभेनंतर चहा व बिस्किटें पुढें आलीं, आणि हजर असलेल्यांचीं नांवें वर्तमानपत्रांत छापून येतांच शहर हादरून गेलें. त्या मंडळींत रानडे होते, टिळक होते, गोखले होते. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलें, प्रायश्चित्तें झालीं. एका भाजलेल्या बिस्किटानें एवढें रण माजविलें! आणि पुढें कांहीं दशकांतच त्याच शहरांतील गृहिणी रवा, मैदा, साखर व तूप डब्यांत भरून पोरांच्या हातीं जवळच्या भटारखान्यांत पाठवूं लागल्या, आणि पत्र्याच्या ताटांत ओळीनें भाजून आलेल्या नानकटाया मोजून घेऊं लागल्या. तूप घरचें, साखर घरची, तेव्हां विटाळ भट्टीपाशींच थांबला, अशी एक सोयीची समजूत त्यामागें असावी.

स्वयंपाकाची विद्या छापील पुस्तकांत उतरली तीही याच काळांत. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचें 'सूपशास्त्र' १८७५ सालचें. म्हणजे मराठींतील या विषयाच्या आरंभीच्या पुस्तकावर नांव आहे तें पुरुषाचें. लक्ष्मीबाई धुरंधर यांचें 'गृहिणीमित्र' १९१० सालीं आलें, आणि त्यानें हजार पाकक्रियांचें भांडार खुलें केलें. सासूच्या हाताखालीं शिकलेल्या बाईला पुस्तकाची गरज नव्हती. गरज होती ती नवऱ्याच्या नोकरीपायीं मुंबईच्या चाळींत दोन खोल्यांचा संसार थाटलेल्या तरुण मुलीला. तिला 'अंदाजानें मीठ' म्हणून भागत नव्हतें; अंदाज शिकवायला जवळ कोणी नव्हतें. चाळीनें वाळवणाचा भूगोलही बदलला. अंगण गेलें, त्याच्या जागीं सामाईक गच्ची आली, आणि गच्चींत कोणाची चटई कोठवर पसरावी यावरून होणारे तंटे हा चैत्राचा नवा विधि झाला.

त्याच सुमारास पिठाच्या गिरण्या शहरोशहरीं आल्या. पहांटे दोन-दोन तास जातें ओढण्याची शिक्षा संपली, ही गोष्ट लहान नव्हे. जात्यावरच्या ओव्या लोपल्या म्हणून हळहळणाऱ्यांनीं खुंट्याला एकदां हात लावून पाहावा. तथापि त्या ओव्यांत बायकांनीं स्वतःविषयीं जें सांगून ठेवलें, तेवढें अन्यत्र कोठें सांगितलेलें नाहीं, हेंही खरें. हेमा राईरकर व गी पॉइतव्हॅं यांनीं पुढें गांवोगांव फिरून एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या, म्हणून तो ठेवा वांचला.

मग युद्ध आलें. फेब्रुवारी १९४२ मध्यें सिंगापूर पडलें आणि मलायाकडून येणारा साबुदाणा बंद झाला. त्याची उणीव भरून काढण्यासाठीं १९४३ च्या सुमारास दक्षिणेंत सेलम येथें कसाव्याच्या पिठापासून साबुदाणा करण्याचा धंदा उभा राहिला. आज महाराष्ट्राची एकादशी त्याच कसाव्याच्या साबुदाण्यावर चालते. त्याच वर्षीं मे महिन्यांत, म्हणजे ऐन वाळवणाच्या दिवसांत, मुंबई शहरांत धान्याचें रेशनिंग सुरू झालें. दर माणशीं मोजून मिळणाऱ्या धान्यांत पोळीलाच ओढ, तेथें तीन दिवस भिजवून चोथा फेंकावयाची कुरडई कोठून परवडणार? ज्या पदार्थाचा जन्म टंचाईच्या महिन्यांसाठीं झाला, तोच खऱ्या टंचाईंत प्रथम चैनीच्या यादींत जाऊन बसला.

वाळवणाच्या इतिहासांतील सर्वांत मोठी घटना मात्र राजवाड्यांत किंवा सरकारी कचेरींत घडली नाहीं. १५ मार्च १९५९ रोजीं, म्हणजे फाल्गुनांत, गिरगांवांतील एका इमारतीच्या गच्चीवर सात गुजराती गृहिणी पापड लाटावयास बसल्या. भांडवल ८० रुपये, तेंही उसनें. त्या दिवशीं चार पाकिटें तयार झालीं, आणि ओळखीच्या एका दुकानदारामार्फत विकलीं गेलीं. त्या सातजणींपैकीं जसवंतीबेन पोपट यांना पुढें २०२१ सालीं पद्मश्री मिळाली. संस्थेचें नांव श्री महिला गृहउद्योग लिज्जत पापड. आज तिच्यांतील भगिनींची संख्या चाळीस हजारांवर आहे. कृतींत नवें कांहीं नव्हतें. तेंच उडदाचें पीठ, तेंच मिरें, तोच खार, तेंच लाटणें. नवी होती ती व्यवस्था. सकाळीं केंद्रावरून पीठ घ्यावयाचें, घरीं लाटून वाळवावयाचें, आणि दुसऱ्या दिवशीं पापड परत आणून वजन करून द्यावयाचे. धर्मादाय देणगी घ्यावयाची नाहीं, हा नियम पहिल्यापासूनचा.

पहिल्याच वर्षीं या मंडळींना मृगानें गांठलें. पावसानें पापड वाळेनात, आणि चार महिने काम बंद ठेवावें लागलें. हजारों वर्षें प्रत्येक घरानें जी मर्यादा निमूटपणें मान्य केली होती, तीच येथें आड आली. परंतु या वेळीं तिच्यामुळें घरांची मिळकत बुडत होती. दुसऱ्या वर्षीं पावसाळ्यापूर्वीं त्यांनीं एक खाट विकत घेतली आणि एक स्टोव्ह. खाटेवर पापड पसरले आणि खालीं स्टोव्ह पेटवून ठेवला. बाहेर पाऊस कोसळत असतांना आंत पापड वाळत राहिले. लाटलेल्या मालाचें वजन झालें, आणि प्रत्येकीची मजुरी तिच्या नांवापुढें वहींत मांडली गेली, श्रावणांतसुद्धां.